चौदा फुटी ॲल्युमिनियम होडीला फ्लोअर आणि कन्सोल

रिकामी ॲल्युमिनियम होडी आतून पाहिली तर पत्र्याचं कवच, आडव्या फासळ्या, मधला कणा आणि दोन-तीन बाक, एवढंच असतं. त्या फासळ्यांवर उभं राहून पाग (फेकायचं गोल जाळं) फेकायचा म्हणजे घोट्याची परीक्षा. जाळं फासळीत अडकतं, मासा खाली सटकतो, गळाची पेटी साचलेल्या पाण्यात भिजत पडते. सपाट फ्लोअर आणि बाजूला छोटा कन्सोल, म्हणजे चाक, स्विच आणि मीटर बसवायचा खोका, बसवला की तीच होडी दोघांना दिवसभर नीट वापरता येते. बेळगाव जिल्ह्यातला हिडकलचा जलाशय, सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थ धरण, चिकोडी-रायबाग-अथणी पट्ट्यातली कृष्णा अशा गोड्या पाण्यासाठी चौदा फूट लांब, पाच फूट रुंद, बसक्या व्ही तळाची होडी धरून पुढची मापं दिली आहेत.

सगळ्या कामाला एक नियम लावा: आत बसवलेली प्रत्येक वस्तू पान्याने खोलून बाहेर काढता आली पाहिजे. ॲल्युमिनियम होडी बिघडते ती तळाशी, डोळ्यांआड. रिव्हेट ढिले होतात, गाळ साचतो, ओल्या लाकडाखाली पत्रा खातो. फ्लोअर कायमचं चिकटवलं तर हे कळतं तेव्हा तळाला भोक पडलेलं असतं.

आधी वजनाचा हिशेब

होडीवर क्षमतेची पट्टी असेल तर तीच धरा. नसेल तर ढोबळ अंदाज असा: लांबी आणि रुंदी फुटांत गुणा, १५ ने भागा. १४ गुणिले ५ म्हणजे ७०, भागिले १५, म्हणजे चार माणसं. हा अंदाज उघड्या होडीचा आहे. आपण आत जे भरू ते त्यातून वजा होतं.

किती भरतो ते पाहा. १२ एमएम मरीन प्लायची एक आठ बाय चार शीट साधारण २४ किलो, वर रेझिन आणि रंगाचे तीन-चार किलो. खालचे आडवे अँगल पाच किलो. कन्सोल दहा-बारा किलो. १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी तीस किलोच्या आसपास. बेरीज सत्तरच्या पुढे गेली, म्हणजे एक धडधाकट माणूस कायमचा होडीत बसला. चारच्या जागी आता तीन धरा, आणि पाग फेकणार असाल तर दोनच.

दुसरी गोष्ट उंचीची. फ्लोअर दहा सेंटिमीटर वर घेतलं की त्यावरची सगळी माणसं दहा सेंटिमीटर वर जातात आणि होडी तेवढी डुलायला लागते. म्हणून फ्लोअर फासळ्यांच्या शक्य तितकं जवळ ठेवा, कण्यापासून दहा सेंटिमीटरच्या वर नको. पुढे उंच मंच बांधायचा मोह होतो, पण पाच फूट रुंदीला तो झेपत नाही. रुंदी चार फुटांपेक्षा कमी असेल तर कन्सोलचा विचारच सोडा. नुसतं फ्लोअर करा आणि मोटार दांडीने चालवा.

सामान ठरवताना तुलना करायचीच तर ३ एमएमचा ॲल्युमिनियम पत्रा दर चौरस मीटरला ८ किलो भरतो आणि १२ एमएम प्लायही तेवढीच. वजनात फरक नाही. चेकर्ड प्लेट कुजत नाही, पण एप्रिल-मेच्या उन्हात त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, आवाज फार होतो आणि आवाजाने मासा हलतो. प्लाय गार राहते, घरी कापता येते, पण तिला पाण्यापासून वाचवायचं काम मन लावून करावं लागतं. इथे प्लाय धरली आहे. पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी बोर्ड वापरू नका. तो वजनाखाली वाकतो, उन्हात आणखी मऊ होतो आणि स्क्रू धरत नाही.

बाकांना हात लावण्याआधी

बाक बसण्यापुरते असतात असा समज असेल तर तो आधी काढून टाका. दोन्ही बाजूंचे पत्रे बाहेर फाकू नयेत म्हणून बाक ताण धरतो, आणि त्याच्या पोटात तरंगता फोम असतो. मागचा आणि पुढचा बाक तसाच राहू द्या. मधला काढायचाच असेल तर दोन गोष्टी परत द्याव्या लागतात. एक, दोन्ही बाजूंना काठापासून फासळीपर्यंत ३ एमएम पत्र्याचे त्रिकोणी आधार, किमान २० सेंटिमीटर उंचीचे. दोन, जेवढा फोम काढला तेवढा दुसरीकडे.

फोमचा हिशेब सोपा आहे. एक लिटर बंद पेशींचा फोम साधारण एक किलो उचलतो. ॲल्युमिनियम पाण्यात बुडालं की त्याचं वजन हवेतल्या वजनाच्या ६३ टक्के राहतं. कवच ८० किलोचं असेल तर ५०, छोटी मोटार २०, बॅटरी २० धरा, आणि माणसांना धरून राहता यावं म्हणून आणखी ६०. असे दीडशे लिटर होतात. एवढा फोम बाकांखाली आणि काठालगत वर बसवा. सगळा फोम फ्लोअरखाली कोंबला तर पाणी भरलेली होडी उलटी होऊन तरंगते, कारण उचल खालून मिळते. थर्मोकोल वापरू नका, पेट्रोलचा शिंतोडा लागला तरी विरघळतो. एक्सपीएसचंही (दाट पॉलिस्टायरीन फोमचंही) तेच होतं, म्हणून पेट्रोल मोटार असेल तर पॉलिथिलीन फोमच्या लाद्या घ्या. पिचकारीचा पीयू फोम तळात ओतणं सर्वांत वाईट: तो पत्र्याला चिकटतो, वर्षानुवर्षं पाणी धरतो आणि मग खरवडून काढावा लागतो.

गळती शोधणं

होडी मोकळी करा, धुवा, आणि कण्याखाली व फासळ्यांखाली लाकडी ठोकळे देऊन समपातळीत ठेवा. आत आठ-दहा सेंटिमीटर पाणी भरा. हे दोनशे लिटरच्या वर जातं, म्हणजे दोनशे किलोच्या वर, तेव्हा आधार तोकडे नकोत. बाहेरून कुठे थेंब धरतो तिथे मार्करने खूण करा. ढिल्या रिव्हेटभोवती बहुतेक वेळा काळसर कडं दिसतं; तो धातू घासून झालेला बुरा असतो.

रिव्हेट घट्ट करायला दोन माणसं लागतात. बाहेरच्या डोक्यावर एकाने जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने आतल्या टोकावर छोट्या हातोडीने चार-पाच ठोके द्यायचे. जोर नको, नेम हवा. ऐकत नसेल तर तो ड्रिलने काढून एक माप मोठा भरीव रिव्हेट घाला. आत हात पोचत नसेल तर बंद तोंडाचा पॉप रिव्हेट, सिकाफ्लेक्ससारखं पॉलियुरेथेन सीलंट लावून. साधा उघड्या तोंडाचा पॉप रिव्हेट पाण्याच्या रेषेखाली कधीही नको, त्याच्या मधल्या भोकातून पाणी येतंच. एम-सीलचे गोळे वरून थापले तर पत्रा हलला की सुटून येतात.

आडवे अँगल

फ्लोअरचा सगळा भार यांच्यावर. ३८ बाय ३८ बाय ३ एमएमचा ॲल्युमिनियम अँगल घ्या, ६०६१ किंवा ६०६३ ग्रेडचा. हा मीटरला सहाशे ग्रॅम भरतो. २.४ मीटर लांबीच्या फ्लोअरला दर ४० सेंटिमीटरवर एक असे सात अँगल, प्रत्येकी सुमारे १.१ मीटर, सोळा फुटांच्या दोन कांड्यांत काम होतं. फासळ्यांचं अंतर ३५ असेल तर ३५ वरच ठेवा, कारण अँगल फासळीला बसवायचा आहे, कवचाच्या पत्र्याला नाही. कवचाला नवीन भोक पाडायचं नाही, एकही नाही.

आधी पुढून मागे दोरी ताणा आणि फ्लोअरची पातळी ठरवा. मागच्या बाजूला १२ ते १५ एमएमचा उतार द्या, म्हणजे पाणी आपोआप बुचाकडे जातं. अँगलची दोन्ही टोकं कवचाच्या तिरपेपणाला जुळतील अशी कापा आणि कवचापासून दोन सूत (सुमारे ६ एमएम) मोकळी ठेवा. टोक कवचाला टेकलं तर लाटेच्या प्रत्येक दणक्याला ते पत्रा घासतं आणि नेमकी तिथेच चीर पडते. मध्ये, कण्यावर, अँगलला एक उभा पाय द्या; नाहीतर माणूस मध्यभागी उभा राहिला की अँगल लपकतो.

जोडायला ४.८ एमएमचे ॲल्युमिनियम पॉप रिव्हेट, भोक ४.९ किंवा ५ एमएम. अँगल तीन आणि फासळी दोन मिळून पाच एमएम जाडी झाली तर १० एमएम लांबीचा रिव्हेट पुरतो, पण आधी तेवढ्याच जाडीच्या तुकड्यांवर ओढून पाहा. प्रत्येक टोकाला तीन, मधल्या पायाला चार. भोक पाडण्याआधी सेंटर पंच मारा. ॲल्युमिनियमवर ड्रिल सरकतो आणि भोक लांबट झालं की रिव्हेट धरत नाही.

वर्कशॉपमध्ये एक काळजी घ्या. शेजारी लोखंडावर ग्राइंडर चालू असेल तर होडी झाका. लोखंडाची ठिणगी ॲल्युमिनियमवर पडली की रुतून बसते, पावसाळ्यात तिथे गंजाचा ठिपका येतो आणि खाली खड्डा पडतो. लोखंडाला वापरलेला वायर ब्रश आणि कटिंग व्हील ॲल्युमिनियमला लावायचं नाही, दोन्ही वेगळी ठेवा.

प्लाय, रेझिन आणि भोकं

आयएस ७१० चा शिक्का असलेली मरीन प्लाय घ्या आणि दुकानदाराकडून तिचा हातभर तुकडा मागा. तुकडा तीन-चार तास पाण्यात उकळा. थर सुटले किंवा आतून पोकळ्या दिसल्या तर ती शीट नको, शिक्का काहीही सांगो. या प्लायला किडीपासून वाचवायला दिलेल्या औषधात तांबं असू शकतं, आणि तांबं हा ॲल्युमिनियमचा शत्रू आहे. ओली प्लाय थेट पत्र्यावर बसली की काही महिन्यांत प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी, पिठासारखी भुकटी दिसते. नखाने खरवडली की खाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे असतात. म्हणून प्लाय सहाही बाजूंनी इपॉक्सीत बंद करायची, आणि अँगलच्या माथ्यावर ३ एमएम ईपीडीएम (ऊन-पाण्यात टिकणाऱ्या) रबराची पट्टी चिकटवायची. रबराने कुरकुरही थांबते.

आकार काढायला पुठ्ठा घ्या. फ्रिजच्या खोक्याचे तुकडे अँगलवर पसरा, कवचाच्या कडेला पट्टी सरकवत रेघ मारा, तुकडे टेपने जोडा. अख्खा पुठ्ठा उचलून प्लायवर ठेवा आणि रेघेच्या आत दोन सूत कापा. कडेची ही फट पाणी निघायला आणि पत्रा उन्हात वाढायला लागते. तीन मीटर ॲल्युमिनियम चाळीस अंशांच्या फरकाने जवळजवळ ३ एमएम वाढतं. शीट अखंड ठेवू नका. तीन भाग करा, सांधा नेहमी अँगलवर यावा. मागच्या भागात, बुचाजवळ, फूटभर चौकोनी झाकण ठेवा, म्हणजे पंप आणि बूच रोज पाहता येईल.

इपॉक्सी वजनाने मिसळा, अंदाजाने नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरे. दोन्ही बाजू मिळून सहा चौरस मीटर, तीन हात, दर हाताला चौरस मीटरमागे सुमारे ११० ग्रॅम, म्हणजे दोन किलो. कडांसाठी जास्तीचं पाव किलो. कापलेल्या कडा रेझिन पितात, तिथे पहिला हात सुकला की परत लावा, चकाकी येईपर्यंत. एका वेळी २०० ग्रॅमच मिसळा आणि पसरट ताटलीत ओता. मार्च-एप्रिलच्या दुपारी मगमध्ये ठेवलेलं रेझिन तापून धूर सोडायला लागतं. पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत वर तेलकट थर येतो, तो पाण्याने आणि काथ्याने घासून काढल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. खानापूरकडच्या पावसात तर आठवडा गेला तरी प्लाय कोरडी मिळणार नाही.

आता भोकं, जिथे बहुतेक फ्लोअर मरतात. बोल्टचं भोक पाडलं की रेझिनचं कवच फुटलं आणि तिथून पाणी प्लायच्या पोटात. म्हणून आधी १० एमएमचं भोक पाडा, खाली टेप लावा, इपॉक्सी भरा. वाळली की त्याच्या मधोमध ६.५ एमएमचं भोक करा. बोल्ट आता प्लायला शिवतच नाही, इपॉक्सीच्या नळीतून जातो. अँगलमध्ये एम६ चे ॲल्युमिनियम रिव्हनट (रिव्हेटसारखे बसणारे, आत आटे असलेले नट) बसवा, भोक ९ एमएम. वरून एम६ स्टेनलेस काउंटरसंक बोल्ट, डोकं प्लायच्या पातळीत किंवा केसभर खाली. वर आलेलं डोकं जाळ्याचा धागा पकडतं. बोल्टच्या आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावायलाच हवी; स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम ओल्यात वर्षभर एकत्र राहिले की जाम होतात आणि मग रिव्हनटच फिरायला लागतो. पितळी स्क्रू, तांब्याचे वॉशर, झिंकचे साधे लोखंडी बोल्ट, यांतलं काही नको. लाकडी स्क्रू थेट अँगलमध्ये मारणं हा सोपा मार्ग वाटतो, पण दोन वेळा खोलला की त्याची पकड संपते.

वर दोन पॅकचा पीयू रंग, कारण इपॉक्सी उन्हात पिवळी पडून भुकटी होते. शेवटच्या ओल्या हातावर बारीक कोरडी वाळू चाळणीने भुरभुरवा, वाळल्यावर झाडा आणि पातळ एक हात वरून द्या. हलका राखाडी रंग निवडा. गालिचा टाकू नका. तो पाणी धरतो, गळ धरतो आणि माशाचा वास कधी सोडत नाही.

कन्सोल

पत्रा कापण्याआधी पुठ्ठ्याचा किंवा ६ एमएम प्लायचा खोटा कन्सोल करा, फ्लोअरवर ठेवा आणि तासभर त्याच्याभोवती वावरा. वाका, जाळं ओढल्यासारखं करा, मोटारीपर्यंत जाऊन या. गुडघा कुठे लागतो ते कागदावर कळत नाही.

मापं अशी धरा: रुंदी ५०, खोली ३५ सेंटिमीटर. बसून चालवायचं असेल तर चाकाचा मध्य फ्लोअरपासून ६५ ते ७०, उभं राहून असेल तर ९५ ते १००. या होडीत बसूनच चालवा. शेजारून जायला किमान ४५ सेंटिमीटर वाट हवी, म्हणून पाच फूट रुंदीत कन्सोल मध्यभागी बसत नाही. तो उजव्या काठाला घ्या आणि बॅटरी व इंधनाची टाकी डावीकडे ठेवा. चालवणारा आणि कन्सोल मिळून ऐंशी किलो एका बाजूला जातात, ते दुसरीकडे कुणीतरी धरायला हवेत.

पुढे-मागे कुठे, हे पाण्यावरच ठरवा. खोटा कन्सोल बांधा, बॅटरी जागेवर ठेवा, माणसांच्या जागी वाळूची पोती ठेवा आणि काठालगत कमरेएवढ्या पाण्यात होडी सोडा. मागच्या फळीपाशी पाण्यापासून काठ किती उंच राहतो ते मोजा. २५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर कन्सोल आणि बॅटरी पुढे सरकवा. नाक पाण्यात घुसत असेल तर मागे. नंतर दोन माणसं एकाच काठाला उभी करा. तो काठ पाण्याच्या वर वीतभर तरी राहिला पाहिजे. राहत नसेल तर कन्सोल हलका करा किंवा बॅटरी बदला, दुसरा उपाय नाही.

पत्रा २ एमएम, ५०५२-एच३२ ग्रेडचा. बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत लेझर कटिंग आणि सीएनसी बेंडिंग करून मिळतं, तिथे ड्रॉइंग घेऊन जा. ड्रॉइंगवर तीन गोष्टी स्पष्ट लिहा. पहिली, पत्र्याचा ग्रेड. ६०६१-टी६ दिला तर तो एवढ्या तीव्र वळणावर तडकतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला केसासारख्या भेगा दिसतात आणि त्या पुढे वाढतातच. दुसरी, आतली त्रिज्या ३ एमएम, आणि वळण रोलिंगच्या दिशेला आडवं. तिसरी, जिथे दोन वळणं कोपऱ्यात भेटतात तिथे ५ एमएमचं सुटकेचं भोक, म्हणजे कोपरा फाटत नाही. मिळालेला पहिला तुकडा उजेडाकडे धरून वळणावर नख फिरवा; खरखर लागली तर घेऊ नका.

पुढची बाजू आणि दोन कडा एकाच पत्र्यात वाकवा, वरची तिरकी पाटी वेगळी करून एम५ बोल्टने जोडा, म्हणजे मीटर किंवा स्विच बदलताना अख्खा कन्सोल खोलावा लागत नाही. तिरकेपणा तीसेक अंशांचा. मागची बाजू उघडी ठेवा, हवाही खेळते. सगळ्या उघड्या कडांना यू-रबर लावा. खाली आत वळवलेली २५ एमएमची पट्टी, आणि तिथून सहा एम८ बोल्ट.

हे बोल्ट नुसत्या प्लायला नकोत. होडी हलली की पडणारा माणूस कन्सोललाच धरतो, आणि सत्तर किलोचा झटका वरच्या कडेला बसला की खालचे बोल्ट प्लाय फाडून वर येतात. प्लायखाली ३ एमएम ॲल्युमिनियमची, कन्सोलच्या तळाएवढी पाटी द्या आणि किमान चार बोल्ट अँगलपर्यंत न्या. कन्सोलच्या वरच्या बाजूपासून काठाच्या आतल्या पट्टीपर्यंत २५ एमएम पाइपचा एक तिरका टेकू दिला की तो हलत नाही.

वेल्डिंग करायचं असेल तर टिग (आर्गॉन वेल्डिंग), भरायची तार ५३५६ ची. ते कन्सोल होडीबाहेर असताना करा. फोमजवळ वेल्डिंग म्हणजे आग.

रंगाला आधी स्कॉच-ब्राइटने घासा, थिनरने पुसा, त्याच दिवशी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूत रुतणारा अस्तर-रंग, लावा. घासलेल्या ॲल्युमिनियमवर हवेने लगेच थर चढतो, दुसऱ्या दिवशी लावलेला रंग सालीसारखा निघतो. रेड ऑक्साइड प्रायमर लोखंडासाठी असतो, इथे टिकत नाही.

स्टिअरिंग

पाच हॉर्सपॉवरच्या दांडीच्या मोटारीला चाक बसवण्याआधी त्या मॉडेलला रिमोट किट (लांबून चालवायचे जोडभाग) मिळतं का ते पाहा. नसेल तर कन्सोल फक्त स्विच, फिश फाइंडर (मासे दाखवणारं यंत्र) आणि सामानासाठी करा, तोही उपयोगाचा आहे. केबलचं माप असं: चाकाच्या मध्यापासून काठापर्यंत, काठाने मागच्या फळीपर्यंत, तिथून मोटारीच्या मध्यापर्यंत, तिन्ही इंचांत मोजून मिळवा. प्रत्येक काटकोनी वळणाला ४ इंच वजा करा. केबल मोटारीच्या टिल्ट ट्यूबमधून (मोटार ज्या आडव्या नळीवर वर उचलली जाते तिच्यातून) जात असेल तर ६ इंच वाढवा, आणि पुढच्या पूर्ण फुटापर्यंत न्या. वळणाची त्रिज्या ८ इंचांच्या आत आली तर चाक जड होतं आणि केबल आतून तुटते. किल स्विचची (मोटार झटक्यात बंद करणाऱ्या स्विचची) दोरी कन्सोलवर हाताशी.

वायरिंग

घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी उचलून होडीत ठेवतात, ते टाळा. ती पन्नास किलोच्या वर, उंच, आणि कलंडली तर ॲसिड ॲल्युमिनियम खातं. १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी अकरा-बारा किलोत येते. महाग आहे, पण वाचलेले वीस किलो होडीला रोज जाणवतात. कोणतीही असो, प्लॅस्टिकच्या पेटीत, पट्ट्याने बांधून. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी एकाच बंद जागेत नकोत. पेट्रोलची वाफ जड असते, फ्लोअरखाली साचते आणि ठिणगीची वाट पाहते.

५५ पौंड रेट्याची १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटार (बॅटरीवर हळू चालणारी मोटार) पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास ओढते. बॅटरीपासून मोटार तीन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर. १६ चौरस एमएमच्या तांब्याच्या वायरीत जेमतेम ०.३५ व्होल्ट पडतो, ते चालतं. ६ चौरस एमएमची वायर टाकली तर व्होल्टभर पडतो, वायर तापते आणि मोटार मरगळते. कथलाचा मुलामा दिलेली वायर मिळाली तर तीच. ६० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. घरातला एसी एमसीबी डीसीला लावू नका, भार तोडताना त्याच्या आत ठिणगी विझत नाही.

बिल्ज पंपाला (तळाचं पाणी उपसणाऱ्या पंपाला) २.५, दिव्यांना १.५ चौरस एमएम. पंपाचा फ्लोट स्विच (पाणी चढलं की आपोआप चालू होणारा) मुख्य स्विचच्या आधी, फ्यूजसह थेट बॅटरीवर, म्हणजे बांधून ठेवलेल्या होडीत रात्री पाऊस भरला तरी पंप चालतो. प्रत्येक वस्तूला दोन वायरी ओढा. निगेटिव्हसाठी कवचाचा पत्रा वापरायची सवय गाडीवरून येते. पाण्यात तो गळका प्रवाह कवचालाच खातो. वायरी काठाखालून पीव्हीसी पाइपमध्ये न्या, तळातून नको, आणि पाइपमध्ये एक रिकामी दोरी सोडून ठेवा, पुढची वायर ओढायला.

पाण्यावर, आणि नंतर

पहिल्या दिवशी काठालगतच राहा. अर्ध्या तासाने मागचं झाकण उघडून पाणी पाहा. परत आल्यावर फ्लोअरचा प्रत्येक बोल्ट तपासा. पहिल्या दणक्यांत रबर बसतं आणि बोल्ट पाव वळसा ढिले होतात.

मोटार बसवली की होडीला इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ खालचे पाहणी आणि नोंदणीचे नियम लागतात. मासेमारीचा परवाना वेगळा, तो कर्नाटक मत्स्यखात्याकडे. राकसकोप बेळगावच्या पिण्याच्या पाण्याचं धरण आहे, तिथे होडी घालण्याआधी परवानगी विचारा.

कारवारच्या खाडीत कधी नेणार असाल तर बोल्ट ३१६ ग्रेडचे, मोटारीला झिंक किंवा ॲल्युमिनियमचा ॲनोड (मोटारीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा तुकडा), आणि परतल्यावर त्याच दिवशी फ्लोअरखालपर्यंत गोडं पाणी. गोड्या पाण्यात झिंकचा ॲनोड निपचित पडतो, तिथे मॅग्नेशियम. तळाला तांबं असलेला अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले धरू न देणारा) रंग दोन्हीकडे वर्ज्य.

वर्षातून एकदा, दिवाळीनंतर पाऊस पूर्ण थांबला की, फ्लोअरचे तिन्ही भाग काढा. कृष्णेचा काळा गाळ कडेच्या फटीतून आत जातो, फासळ्यांची पाणी जायची भोकं बुजवतो, आणि ओल्या गाळाची एक बादली तीस किलो भरते. पाइपने धुवा, भोकं तारेने मोकळी करा, रिव्हेटभोवती काळं कडं आहे का पाहा. प्लायच्या कडा नखाने दाबा. मऊ लागली तर तेवढा भाग कोरडा करून खरवडा, इपॉक्सी भरा. बोल्टना नवी पेस्ट लावून फ्लोअर परत बसवा. होडी शेडमध्ये ठेवताना बूच काढून ठेवा, नाक एक-दीड वीत वर, आणि ताडपत्री होडीला घट्ट लपेटू नका. खालून वारा लागला नाही तर प्लाय उन्हाळाभर ओलीच राहते.